बिल्किस मॅडमच्या नावावरच्या नोंदी

आजच्या निवृत्ती समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे प्रमुख माननीय काकासाहेब वाघचौरे, व्यासपीठावरील कामगार संघटनेचे पदाधिकारी, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या सत्कारमूर्ती बिल्किस मॅडम, पहिल्या रांगेतले त्यांचे पती अन्सारभाई आणि कन्या अदीबा, आणि कँटीनमधून येणाऱ्या नान-खलियाच्या वासामुळं ज्यांचं माझ्याकडं निम्मंच लक्ष आहे, असे माझे सर्व सहकारी बंधुभगिनी,

मी सुदर्शन, संगणक विभागाचा. मला पाच मिनिटं दिलीत. आमच्या विभागाच्या माणसाला एवढी पुरतात, कारण आम्ही काय बोलतो ते तसंही कुणाला कळत नाही. आज मात्र कळेल असं बोलणार आहे.

आधीच्या वक्त्यांनी मॅडमच्या वक्तशीरपणाचं, त्यांच्या मोत्यासारख्या अक्षराचं कौतुक केलं. स्टोअरची रजिस्टरं उघडून बघा, एक खाडाखोड सापडणार नाही. सगळं खरं आहे. पण नियोजन विभागात बावीस वर्षं काढलेली बाई शेवटची नऊ वर्षं स्टोअरमध्ये नट-बोल्टच्या पेट्या का लिहीत बसली, यावर कुणी बोललं नाही. समारंभात असलं काही काढू नये, असा आपल्याकडं रिवाज आहे. तो मोडायची परवानगी मी अध्यक्षसाहेबांकडून सकाळीच घेतली. मॅडमना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या नकोच म्हणाल्या असत्या.

नवीन आलेल्यांसाठी थोडं मागचं सांगतो. आपल्याकडं एक रिपोर्ट सर्व्हर आहे. रोज किती माल झाला, किती नापास झाला, ते त्यावर येतं. कुणी काय बघायचं ते ठरलेलं असतं. ज्याच्या नावानं रिपोर्ट उघडतो, त्याचं नाव आणि वेळ तिथं आपोआप नोंदली जाते. वर्षातून दोनदा त्या नोंदी आणि ती परवानग्यांची यादी तपासायची, हे माझं काम.

आता आपली पद्धत ऐका. नवीन माणसाला नाव-पासवर्ड हवा असेल तर तीन सह्यांचा फॉर्म. तो फॉर्म माझ्या टेबलावर यायचा आणि तिथंच मुक्काम करायचा. माणूस दोनदा विचारायला आला की मी म्हणायचो, "तोवर बिल्किस मॅडमच्या नावानं उघडा की." मॅडम सगळ्यात आधी यायच्या, त्यांचा संगणक चालू असायचा, आणि कुणाला नाही म्हणणं त्यांना जमत नव्हतं. बघता बघता अर्धा कारखाना त्यांच्या नावानं रिपोर्ट बघायला लागला. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मला तर नाहीच नाही.

मग नऊ वर्षांपूर्वी नापास मालाचा एक रिपोर्ट आपल्या मोठ्या ग्राहकाच्या हातात पोचला. आपण त्यांना सांगायच्या आधीच. वर धावपळ उडाली आणि मला नोंदी काढायला सांगितल्या. मी काढल्या. मंगळवार, दुपारी तीन चाळीस, रिपोर्ट उतरवून घेतला, नाव बिल्किस.

चौकशीत मी समोरच बसलो होतो. मॅडम म्हणाल्या, "साहब, नाम मेरा है, पर हात मेरे नै. मैं तो उस दिन दोपहर को-च निकल गई थी, अदीबा को दवाखाने ले जाना था." तेव्हाच्या साहेबांनी विचारलं, मग तुमच्या नावानं कोण कोण बघतं ते सांगा. मॅडमनी खाली बघितलं. "किसका नाम लूँ साहब? सब अपनेच बच्चे हैं."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी काय म्हणालो? "नोंद खोटं बोलत नाही, साहेब."

माझ्या तपासणीच्या अहवालात एक प्रश्न असतो: प्रत्येक नाव एकच माणूस वापरतो याची खातरजमा केली का? मी 'होय' लिहून सही केली होती. 'नाही' लिहिलं असतं, तर पहिला दोष माझ्या टेबलावरच्या फॉर्मांचा निघाला असता.

दुसऱ्या दिवशी गेटवरचे कारभारीमामा माझ्याकडं आले होते. म्हणाले, "साहेब, मॅडम त्या दिशी दोन वाजताच गेल्या व्हत्या. म्या सोता गेटपास फाडलाय. बघा तरी येऊन." गेट माझ्या खुर्चीपासून चाळीस पावलं. मी म्हणालो, "मामा, लई कामात आहे, नंतर बघू."

मॅडमच्या फाइलला शेरा लागला, त्यांचा संगणक काढून घेतला, आणि बढती मिळाली ती मला. पाच वर्षांपूर्वी जुनी गेटपास बुकं रद्दीत जायला निघाली, तेव्हा मी ते बुक काढून बघितलं. मंगळवार, बाहेर जाण्याची वेळ दोन दहा. खाली मॅडमची सही, त्याच सुरेख अक्षरात. ते पान मी घरी नेलं आणि पाच वर्षं कपाटात ठेवलं. भीती वाटली, दुसरं काही नाही. त्या काळात रोज सकाळी स्टोअरसमोरून जाताना मॅडम मला "सलाम, सुदर्शनभाई" म्हणायच्या आणि मी घाईत असल्यासारखं दाखवायचो. मला त्याची फार लाज वाटते.

तो रिपोर्ट कुणी नेला, ते आजही माहीत नाही. मॅडमनी नेला नाही, एवढं सिद्ध करणारं पान आणि माझा लेखी कबुलीजबाब आज सकाळी काकासाहेबांना दिला. त्यांनी शेरा रद्द करून सही केली. माझं काय करायचं ते ते ठरवतील. अदीबा, बेटा, तुझ्या आईवरचा डाग आज कागदावरून गेला. तिची नऊ वर्षं परत द्यायला माझ्याकडं काही नाही.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल सगळ्यांचा ऋणी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर सभागृहानं पोटात घालावं. त्या एका चुकीची माफी मात्र मी इथं मागत नाही. मॅडम, गळ्यात हार आणि अंगावर शाल असताना चारचौघांत कुणाला नाही म्हणता येत नाही, आणि तुम्हाला तर कधीच आलं नाही. उद्या सकाळी मी तुमच्या घरी येतो. दार उघडलं नाहीत तरी चालेल.