शिवणवर्गाच्या बाई गाव सोडताना

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि समोर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निरोपाची भाषणं मी पुष्कळ केली. 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' हे तर जिभेवरच बसलंय. आज मात्र आपल्या शिवणवर्गाच्या बाई कुठे निघाल्यात, हे मला ठाऊक नाही. कृपा करून कुणी विचारूही नका.

मारकुट्या नवऱ्यापासून जीव वाचवून त्या लेकीला घेऊन इथे आल्या. गिरणीवाल्या काकूंनी मागची खोली दिली. गावाने तोंडाला कुलूप लावलं. थांब्यावर अनोळखी माणूस उतरला की आपला चहावाला त्याला हटकायचा. याहून मोठा बंदोबस्त कोणता?

मग वर्गातल्या मुलींनी शाळेचे गणवेश शिवले. कौतुकाने कुणीतरी बाईंचा फोटो गावाच्या फेसबुक पानावर टाकला, नावगावासकट. आपण सगळ्यांनीच लाइक केला. मीही केला. खाली एका परक्याने विचारलं, 'कपडे शिवायचेत, ताई राहतात कुठे?' आपल्यातल्याच कुणा भल्या माणसाने लगेच कळवलं, 'गिरणीच्या मागे, निळं दार.'

नवरा उतरला तेव्हा चहावाल्याने विचारलं हो! 'निळ्या दारात शिवायला कपडे टाकायचेत,' म्हणाला. हातात पिशवी होती. चहावाल्याने वाट दाखवली.

काकू धावत पोहोचेपर्यंत बाईंचा उजवा हात मोडला होता. लेक कापड बेतायच्या टेबलाखाली सापडली. ती अजून कुणाशी बोलत नाही. नवरा जामिनावर सुटलाय. फोटो आपण काढून टाकला म्हणे. कुठून कुठून काढणार?

परवा मी म्हटलं, "राहा हो, आता आम्ही सावध राहू."

त्या म्हणाल्या, "मोठ्या बाई, इथे कुणी वाईट असतं तर त्याच्यापासून जपलं असतं. तुम्ही सगळी चांगलीच माणसं. कुणाकुणापासून जपू?"



क्षमा करा हं, काकू काही सांगताहेत... काय? सकाळीच?

मंडळी, आजचा कार्यक्रम तोंडी कळवायचा ठरला होता. निमंत्रण सकाळीच गावाच्या फेसबुक पानावर पडलंय, वेळेसकट. वर गुलाबाची फुलंही आहेत.

बाई, उठा. हार राहू द्या. लेकीला घ्या, गाडी मागच्या दाराशी आहे.

आपण सारे अगत्याने आलात, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि थोडा वेळ कुणी जागचं हलू नका. त्यांना जाऊ द्या.