रिसेप्टर नसलेले उंदीर

सर : पुन्हा हिरवं चमकतंय! बाई, तुम्ही पिंजरे बदललेत.

बाई : नाचता येईना, अंगण वाकडं. बावीस वर्षं या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळतेय मी. आज मेंदूचे काप तुम्ही केलेत, रंग तुम्ही चढवलात. मी फक्त दिवा मालवला.

सर : पण या उंदरांत ऑक्सिटोसिनचा, त्या मायेच्या हार्मोनचा, रिसेप्टर नाहीच हो! जनुकच काढून टाकलंय. हार्मोनचा निरोप घ्यायला पेशीच्या दारात कुणी बसलेलंच नाही. मग माझा रंग चिकटतोय कशाला?

बाई : दिसेल त्याच्या गळ्यात पडतोय मेला.

सर : म्हणजे... याच रंगावर बेतलेले अकरा वर्षांचे शोधनिबंध? मेंदूत माया कुठेकुठे उतरते, त्याचा माझा नकाशा?

बाई : भिंतीवर शोभतो की. असू दे.

सर : तुम्हाला थट्टा सुचतेय!

बाई : गेल्या वर्षी तुम्हाला सुचली होती. तुमची ती विद्यार्थिनी अशीच स्लाइड घेऊन आली. ‘सर, रिसेप्टर नसलेल्या उंदरातही चमकतंय,’ म्हणाली. तुम्ही काय म्हणालात? ‘तुला हे बापजन्मात जमायचं नाही.’

सर : मला वाटलं, निष्काळजीपणा केला असेल.

बाई : तिनं? बाटल्यांवर तारखा घालणारी इथं एकटी तीच. तुम्ही शेरा मारलात, पोरीची पीएचडी गेली. आता औषधांच्या दुकानात खोकल्याची बाटली विकते. फार राग येतो हो मला तुमचा.

सर : परवा माझं व्याख्यान आहे. पुरस्कार आहे. बाई... ही स्लाइड आपण दोघांनीच पाहिलीय.

बाई : तिघांनी. तिनं सगळ्यांच्या आधी.

सर : पण ती आता इथं नाही.

बाई : धुऊन टाकू? सांगा. बेसिन रिकामंच आहे.

सर : नको. राहू द्या. तिचा नंबर आहे तुमच्याकडे?

बाई : घ्या, लावलाय. वाजतोय.

सर : हॅलो... मी बोलतोय. हो, सरच. ठेवू नकोस. तुझं बरोबर होतं. परवा व्याख्यानात तुझी स्लाइड दाखवतोय... तुझ्या नावानं. माझं... माझं चुकलं.

बाई : जरा मोठ्यानं बोला. तिला हाकललंत तेव्हा खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं होतं.