बंद दारामागचा बाईचा आवाज

मी, या भागात ‘कात्रीवाले’ म्हणून ओळखला जाणारा, वय ५३ वर्षे, धंदा लग्नाच्या व्हिडिओंचे संकलन, राहणार छापखान्यामागची इमारत, वरचा मजला, समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. पत्नी गेल्या वर्षीपासून तिच्या बहिणीकडे राहते. भांडण झालेले नाही. ती जाते म्हणाली तेव्हा मी कामात होतो, ‘हं’ म्हणालो. तिने बॅग भरली तेही मला खुर्चीतून दिसत होते.

लग्नांत कॅमेरा पत्नी चालवायची आणि कापाकापी मी करायचो. कॅमेऱ्यामागून ती सारखी बोलायची. “मामा, जरा डावीकडे सरका.” “नवरदेव, हसा की, दात मोजत नाही कुणी.” ग्राहकाला हे ऐकू जाऊ नये म्हणून तिचा आवाज काढून टाकणे हे माझे पहिले काम असे. ते कापलेले तुकडे मी फेकले नव्हते, एकाच फाइलमध्ये साठवत गेलो होतो. ती गेल्यावर ते जोडून एक फिल्म करायला घेतली. चित्र कुणाचेही असो, आवाज तिचाच. फिल्म तिला पाठवायची आणि मग परत ये म्हणायचे, असे ठरवले होते. नुसते फोनवर म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

आज सकाळी पूर्ण झालेली फिल्म सलग व्हिडिओ म्हणून बाहेर काढायला लावली असता संकलनाचे सॉफ्टवेअर मधेच बंद पडले. पुन्हा सुरू केल्यावर फाइल खराब झाली आहे, उघडता येत नाही, असा संदेश आला. आपोआप जतन होणाऱ्या प्रतीही तशाच निघाल्या. मूळ चित्रीकरणाची कार्डे आम्ही पुसून पुन्हा वापरतो, त्यामुळे दुसरीकडे काही शिल्लक नाही. अशा वेळी नवी कोरी फाइल उघडायची, जुनी थेट उघडत नसली तरी तिच्यातला एकेक तुकडा नवीत ओढून आणायचा आणि चालवून बघायचा, एवढाच उपाय उरतो. तो मी जेवणखाण सोडून करत होतो.

दुपारी एक तुकडा अडला. त्यात पत्नी एका हॉलच्या सामानाच्या खोलीत चुकून कोंडली गेली आहे. कॅमेरा चालूच आहे आणि ती “अहो, दार उघडा ना! कुणी ऐकतंय का?” अशा हाका मारते. पुढे मी दार उघडतो आणि ती पोट धरून हसते. “आलात होय! मला वाटलं, हॉलवाल्याला देऊन टाकलंत मला!” ते हसणे उघडेना. तुकडा हाकांपर्यंत चाले आणि थांबे. पुढे सरकतो का ते पाहायला मी तेवढाच भाग पुन्हा पुन्हा लावत होतो. आवाज बारीक असल्याने स्पीकर मोठा केला होता.

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या ताईंनी ते ऐकून पोलिसांना कळवले. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. कुणीही तेच केले असते. आतून बाई दार उघडा म्हणत होती, बाहेरून हवालदार दार उघडा म्हणत होते आणि मी मधे बसून आवाज वाढवत होतो. शेवटी त्यांनी कडी तोडली. मागून ताई आत आल्या आणि म्हणाल्या, “वहिनी कुठायत?” वर्षभरात हे मला कुणी विचारले नव्हते, त्यामुळे लगेच उत्तर देता आले नाही. त्याचा हवालदारांना संशय आला.

ठाण्यात साहेबांनी पत्नीचा नंबर मागितला. मला तो पाठ आहे. फोन स्पीकरवर लावण्यात आला.

“बाई, तुम्ही सुखरूप आहात ना?”

“हो. का हो? त्यांना काही झालंय का?”

साहेबांनी झाला प्रकार सांगितला. मला वाटले होते, ती हसेल. साहेब म्हणाले, “समोरच बसलेत. देऊ का त्यांना?” पलीकडून भांडे खाली ठेवल्याचा आवाज आला.

“नको. त्यांना म्हणावं, कडी आजच्या आज बसवून घ्या. नाहीतर तशीच राहील. मी ओळखते ना त्यांना.”

एवढे बोलून तिने फोन ठेवला.

माझा कॉम्प्युटर तपासासाठी ठाण्यात आणला आहे. त्यात ग्राहकांची कामे अडकली आहेत, तरी तो लवकर परत मिळावा. पत्नीच्या त्या फाइलचे काय, असे साहेबांनी विचारले असता, ती नाही उघडली तरी चालेल, असे मी सांगितले. हे खरे नाही. पण साहेब, जबाबात तसेच असू द्या.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो शब्दन् शब्द उतरला आहे.