रेड्याच्या पेशी फिनेलमध्ये ओतल्याबाबत

मी, शबनम खुर्शीद शेख, वय ३४ वर्षे, व्यवसाय पेशी-संशोधक, राहणार नवीन जालना, पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर होऊन विचारल्यावरून सांगते की,

मी मंठा रस्त्यावरील एका खासगी प्रयोगशाळेत नोकरीस आहे. तेथे एका जातिवंत रेड्याचे क्लोन, म्हणजे हुबेहूब तसेच रेडकू, तयार करण्याचे काम चालते. मूळ रेडा मेलेला आहे. त्याच्या कातडीच्या पेशी नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवल्या होत्या. दुसरीकडे कोठेही नव्हत्या.

कातडीची पेशी ऊर्जा एका रीतीने तयार करते, कोवळा गर्भ वेगळ्या रीतीने. पेशीला आधी कमी प्राणवायूत ठेवून, औषध देऊन गर्भाची रीत लावली तर जास्त क्लोन टिकतात. ही पद्धत मी बसवली. तिला वेळ लागतो.

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. सोमेश्वर डोईफोडे यांनी तयारी न झालेल्या पेशींचेच गर्भ करायला लावले. मी म्हणाले, "सर, गर्भाशयात पाणी भरंल, म्हैस जाईल." ते म्हणाले, "एखादी जाईल. पैसे लावणाऱ्या पाहुण्यांना गाभण जनावरं दाखवायची आहेत." मी नकार दिला. त्यांनी दुसऱ्यांकडून करून घेतले.

माझी खाला, म्हणजे आईची बहीण लालबी, वडीगोद्रीला राहते. गर्भ वाढवायला ती आपली म्हैस देत नव्हती. डोईफोडे तिच्या दारात गेले आणि "गर्भ शबनमनंच तयार केलाय" असे सांगितले. तेव्हा तिने दिली. मला हे कोणी कळवले नाही.

म्हशीचे पोट फुगत गेले. ती बसली ती उठली नाही. मी पोहोचले तेव्हा खाला तिचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून म्हणाली, "तेरे नाम पे दी थी मैं." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

काल मी पेशींच्या सर्व नळ्या टाकीतून काढल्या, वितळू दिल्या आणि फिनेलच्या बादलीत ओतू लागले. डोईफोडे आत आले तेव्हा एक नळी बाकी होती. ती मुद्दाम ठेवली होती.

"काय करून राह्यली तू? हात जोडतो. माझं सगळं त्याच्यावर आहे."

मी विचारले, "खालाच्या दारात माझं नाव कुणी घेतलं?"

ते खाली बसले. म्हणाले, "मी घेतलं. चुकलं माझं."

ते एवढे म्हणेपर्यंत मी थांबले. मग नळी त्यांच्यासमोर ओतली.

हे माझ्या हातून चुकून किंवा रागाच्या भरात झालेले नाही. पस्तावा होतो का, असे विचारले असता सांगते की, आणखी नळ्या असत्या तर त्याही ओतल्या असत्या.

माझा जबाब मला वाचून दाखवला. "रागाच्या भरात" असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. आता माझ्या सांगण्याबरहुकूम बरोबर आहे.