चार नंबरची लेन

काका : बक्षिसं वाटून झाली, तलाव रिकामा झाला, आपण घरी आलो, आणि आता सांगतेस निकालाचा बोर्ड चुकला?

पुतणी : बोर्ड नाही काका, मी चुकले. निकाल बघा ना. एक नंबरची लेन पहिली, दोनची दुसरी, तीनची तिसरी... थेट शेवटपर्यंत. असं कधी होतं का?

काका : योगायोग असेल.

पुतणी : नाही हो. शेवटच्या शर्यतीआधी तुम्ही म्हणालात, सगळ्यांच्या वेळांतली मधोमधची वेळही दाखव. मी घाईत बोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये एक फंक्शन लिहिलं. मधली वेळ काढायला आधी सगळ्या वेळा चढत्या क्रमाने लावाव्या लागतात. म्हणून सगळ्या लेनच्या वेळांचा अ‍ॅरे, म्हणजे अख्खी यादीच, त्याला दिला.

काका : मला कळेल असं बोल.

पुतणी : सी भाषेत फंक्शनला साधा आकडा दिला तर त्याची नक्कल जाते. अ‍ॅरेची नाही जात. तो कुठे ठेवलाय, तो पत्ता जातो फक्त.

काका : म्हणजे झेरॉक्स द्यायची सोडून कपाटच उघडून दिलंस.

पुतणी : हो. त्याने मूळ वेळाच हलवल्या. सगळ्यात कमी वेळ एक नंबरला जाऊन बसली. हात लागला की वेळ नोंदवणारं भिंतीवरचं पॅड असतं ना, त्यातल्या खऱ्या वेळा आत्ता काढल्या. चार नंबर पहिली. एक नंबरच्या लेनमधली आपली धाकटी चौथी. लाज वाटते हो काका, पहिल्या वर्षाला शिकवतात हे!

काका : पंच मी, बोर्ड तुझा, पदक आपल्या घरात. वा! लोक तोंडात शेण घालतील.

पुतणी : लोकांचं जाऊ द्या. ती चार नंबरची तुमच्याकडे आली होती ना?

काका : आली होती. म्हणाली, सर, माझा हात आधी लागला. मी सगळ्यांसमोर झापलं तिला. म्हटलं, हरायला शिक, मशीन खोटं बोलत नाही.

पुतणी : मग?

काका : सॉरी म्हणाली गं मला. ती मला सॉरी म्हणाली.

पुतणी : हळू बोला, धाकटी आत आहे. पदक गळ्यातून काढत नव्हती. तिला कसं सांगायचं?

(धाकटी दारात उभी. पदक हातात.)

धाकटी : मला माहितीये.

पुतणी : काय गं?

धाकटी : मी भिंतीला हात लावला तेव्हा चार नंबरची टोपी काढत होती. पण बोर्डावर माझं नाव आलं. वाटलं, मलाच नीट दिसलं नसेल.

काका : इकडे ये बाळा. चूक आमची आहे, तुझी नाही. मी तिच्या घरी फोन लावतो.

धाकटी : फोन नको. तुम्ही तिला सगळ्यांसमोर ओरडलात ना?

काका : हो.

धाकटी : मग उद्या तलावावर सगळे असतील तेव्हा हे तिला देऊ.