लूपच्या आतली ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव आदरणीय योगेंद्रनाना, प्राचार्य महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी बंधुभगिनींनो आणि माझ्या विद्यार्थ्यांनो,

निरोपाची शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. नाना आत्ताच म्हणाले, "ज्योत्स्ना मॅडम आमच्या घरच्याच." बरं वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, रागही आला.

मी इथं जावा ही संगणकाची भाषा शिकवली. पहिल्या प्रॅक्टिकलला एक चूक हमखास व्हायची. अमळनेरकडच्या आमच्या मेघानं कापसाच्या गोदामाचा मेनू बनवला होता. एक दाबा, आवक. दोन दाबा, शिल्लक. पोरीनं गाडीभर कापूस नोंदवला, दोन दाबलं, तर पडद्यावर शून्य! ओरडलीच ती, "मॅडम, बठ्ठा कापूस कोठे गया?" सगळी लॅब हसली.

सगळा कापूस कुठे जाणार? नवं गोदाम बनवायची ओळ तिनं लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कंसाच्या, आत लिहिली होती. दर वेळी मेनू आला की नवंकोरं, रिकामं गोदाम तयार. कंस बंद झाला की आधीचं कापसासकट संपलं. तीच ओळ उचलून लूपच्या वर ठेवली, की एकच गोदाम शेवटपर्यंत टिकतं. एवढीच तर दुरुस्ती!

आता नाना, माझी ओळ कुठे लिहिली होती? तासिका तत्त्वावर दर जूनला नवी नेमणूक, एप्रिलमध्ये कंस बंद. कायम जागेची मुलाखत मी तुमच्याच समोर दिली. अनुभव विचारलात. मी वर्षं सांगायला लागले, तर तुम्ही म्हणालात, "मॅडम, प्रत्येक नेमणूक स्वतंत्र. मागचं धरता येत नाही." म्हणजे शून्यच की! मला मेघासारखं ओरडताही आलं नाही. घरी जाऊन रडले.

मेघा, तिसऱ्या रांगेत बसली आहेस ना? जूनपासून माझे तास तू घेणार, तेही तासिका तत्त्वावर. पोरी, तुला ही चूक एकदा दाखवली आहे. सही करण्याआधी ओळ कुठे आहे ते बघ.

असो. या सत्काराबद्दल सर्वांची ऋणी आहे. चहा-फराळाचं बघणाऱ्या भटूभाऊंचे वेगळे आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर नाना, मनात धरू नका. मागचं धरता येत नाही, हे तुमचेच शब्द आहेत.