विहिरीतला देव

भूगर्भशास्त्र शिकलेल्या माणसानं सुट्टीत गावाकडं जाऊच नये, सांगतो तुमाले.

मी पिंपळगाव राजाले गेलो, तं वावरातल्या नव्या विहिरीवर माह्या दोन्ही काकांचं जुंपलेलं. खालून काळा दगड निघाला होता, अन् त्यात साबुदाण्यासारखे पांढरे दाणे. थोरल्या काकानं त्याले शेंदूर फासला. म्हणे, "देव निघाला. आता खोदणं बंद."

धाकटा काका भडकला. "मंग पाणी काय तुहा देव आणून देईन?"

म्या मधात तोंड घातलं. "देव नाही हो, लाव्हा आहे. जमिनीखाली वितळलेल्या दगडाचा जुना रस घट्ट होऊन बसला होता, त्यात हळूहळू हे दाणे वाढले. मंग खालून नवा, लई गरम रस घुसला. दोघं मिसळले अन् सारंच उसळून वर आलं."

थोरली काकू चहा घेऊन आली होती. ती हसायले लागली. "समजलं. घट्ट होऊन बसलेले ते आमचे हे, अन् गरम ते भाऊजी."

दोघं काका एकदमच माह्यावर ओरडले, "हेच शिकवतेत काय बे कॉलेजात?"

जरा वेळानं थोरल्या काकानं हळूच विचारलं, "अन् मंग हे पांढरे दाणे?"

मी बोलाच्या आधीच काकू म्हणाली, "आम्ही दोघी जावा. तुमच्या दोघांच्या उकळ्यात सापडलो, पण विरघळलो नाही. देव मानाचाच असंल तं आमाले माना, अन् विहीर खोदा."

पाणी लागलं त्या दिवशी नारळ विहिरीवर नाही फुटला. दोघी काकूंच्या पुढ्यात फुटला.